शेजारची सीट रिकामी होती

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी बहुतेक वेळा हसते. तरी लिहायला बसले, कारण पन्नास वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. मी पुण्यात एका फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकत होते. एअरलाइनची कॅप्टन व्हायचं होतं. त्यासाठी आधी लांबचं सोलो उड्डाण पूर्ण करावं लागतं – शेजारी इन्स्ट्रक्टर नाही, चूक झाली तर सावरायला कोणी नाही. मोठ्या विमानात को-पायलट असतो, पण शेवटचा निर्णय कॅप्टनलाच घ्यावा लागतो. ती सवय इथेच लागते.

पुण्याहून औरंगाबादला उतरून पुढे सोलापूरकडे निघाले. शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लोंबकळून कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून मी स्वतः घट्ट बांधला होता. जामखेड तालुक्यावर आले आणि काचेवर तेल उडायला लागलं. ऑइल प्रेशर खाली... धुळीत वाटही थोडी चुकले होते. खाली खर्ड्याचा किल्ला दिसला. सोलापूर येईपर्यंत इंजिन टिकेल? की ते बंद पडायच्या आत उतरावं? विचारायला कोणीच नव्हतं. मी उतरायचं ठरवलं. एक मोकळं, वाळून टणक झालेलं रान हेरलं, बांध चुकवला आणि उतरले. विमानाला ओरखडासुद्धा नाही!

दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं धावत आली. कोंडाबाई नावाच्या म्हातारीनं पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, ते दुसरं सायेब कुठं गेलं?"

"कोण साहेब? मी एकटीच आहे."

"न्हाई वो! पांढऱ्या सदऱ्यातलं, तुमच्या शेजारी बसल्यालं. समद्यांनी बगितलं."

मागची माणसं माना हलवत होती... "व्हय, व्हय."

मी वळून विमानात पाहिलं. शेजारच्या सीटचा बेल्ट उघडा पडला होता. धक्क्यानं सुटला म्हणावं, तर ते बकल हातानं ओढल्याशिवाय सुटतच नाही. भर उन्हात अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी आमचे चीफ इन्स्ट्रक्टर जीप घेऊन आले. गावानं त्यांनाही तेच सांगितलं.

"कोणाला बसवलं होतंस?"

"कोणालाही नाही, सर."

"मग ही सगळी माणसं वेडी आहेत? त्यानंच उतरवलं असणार. अशा रानात उतरवणं मुलीचं काम नाही."

सोलो रद्द! सगळं उड्डाण पुन्हा करायला लावलं. केलं. पुढे एअरलाइनमध्ये लागले, कॅप्टनही झाले. वादळात, एकदा तर एक इंजिन बंद असताना, प्रवाशांना सुखरूप खाली आणलं. डोकं थंड ठेवायला मी त्या रानातच शिकले होते. पण घरात गोष्ट निघाली की हेच – "दैवी शक्तीनं वाचवलं गं तुला!" अरे, तुम्हाला भूत पटतं, आणि एका बाईनं एकटीनं विमान उतरवलं हे पटत नाही?

निवृत्तीनंतर नगरला सावेडीत राहायला आले. मागच्या वर्षी मुद्दाम खर्ड्याला गेले. त्या रानाच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड, पुढे नारळ, उदबत्त्या. 'इमानबाबा' म्हणे! शेजारी खुरपणाऱ्या बाईला विचारलं, "हे कोण गं?"

"लई जागृत हायेत. पडतं इमान वाचिवलं त्यांनी," ती म्हणाली. "संगं एक बाई हुती म्हनं... नुसती रडत हुती."

तो कोण होता, होता की नव्हता, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण मी रडले नव्हते.