कुंदाताईंचा टेटू

अकोल्याच्या जुन्या शहरात कस्तुऱ्यांचं काष्ठौषधींचं दुकान कोणालाही विचारा, बोट करून दाखवील. हरिहर कस्तुरे अचानक गेले तेव्हा शेजारपाजारच्या सगळ्यांना वाटलं होतं, आता हे दुकान बंद पडणार. मुलगा पुष्कर तेव्हा अमरावतीला शिकत होता आणि त्याला हरडा-बेहड्यात काडीचा रस नव्हता. पण तेरावं आटोपलं आणि पुढच्या सोमवारी त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी स्वतः कुलूप काढलं. वय चव्वेचाळीस. तराजू हातात धरायची सवय नव्हती, पण नाक तयार होतं. सासऱ्यांनी ते घडवलं होतं. मुळी मोडायची, वास घ्यायचा, जिभेच्या टोकाला लावायची. शतावरी म्हणून दुसरंच काही खपवायला आलेला माणूस त्यांच्या पायरीवरूनच परत फिरायचा.

धारणीकडच्या सालईढाण्याचा देवमन त्यांना बारा वर्षं माल आणून देत होता. कोरकू माणूस, बोलायला कमी. वर्षातून दोनदा तो एसटीच्या टपावर पोती टाकून यायचा. त्यात मुख्य माल टेटूच्या मुळाची साल. दशमुळातल्या दहा मुळांतलं हे एक. त्याच्याशिवाय काढा पुरा होत नाही.

चारेक वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर तो असाच आला. कुंदाताईंनी पोत्यात हात घालून एक तुकडा काढला, मोडला, जिभेला लावला. मग दुसरा काढला. मग पोत्याच्या तळातून तिसरा.

"देवमन, हा टेटू नाही."

"टेटूच हाय, ताई."

"ही महारूखाची साल आहे, दुसऱ्याच झाडाची. माझ्याकडे बघून सांग."

देवमनने बघितलं नाही. तो सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. "दुसरे दुकानवाले घेतेत ना, ताई. त्यायले काही फरक पडत नाही."

"मला पडतो. टेटू का नाही आणलास?"

"कुठून आणू? पुरं रान धुंडलं. राह्यलाच नाही आता."

कुंदाताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि बारा वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला. "एक पोतं भरायला किती झाडं लागतात रे?"

देवमनला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "लहान असले तं आठ-दहा. तुमाले मूळ पाह्यजे ना. मूळ खोदलं म्हणजे झाड आडवंच होते."

तो गेल्यावर कुंदाताई मनातल्या मनात झाडं मोजायला लागल्या. बारा वर्षं, वर्षातून दोन खेपा, खेपेला दोन-तीन पोती. अर्ध्यावरच त्यांनी मोजणं सोडून दिलं. आणि हे एकट्या त्यांच्या दुकानाचं. अशी दुकानं अकोल्यात किती, अमरावतीत किती, खंडव्याकडे किती!

शेजारच्या दुकानदाराने समजूत घातली, "कुंदावहिनी, काढ्यात पडल्यावर कोण ओळखतं? महारूख चालतो सगळीकडे."

"कोणी ओळखणार नाही, खरंय," त्या म्हणाल्या. "पण गुण येणार नाही, त्याचं काय?"

त्या दिवसापासून त्यांनी दशमूळ विकणं बंद केलं. गिऱ्हाईक तुटलं, तुटू दिलं. पण एवढ्याने मनाची टोचणी काही जाईना. जानेवारीत त्यांनी देवमनला फोन केला, "मी येतेय तुझ्या गावी. मला टेटूचं झाड बघायचंय."

परतवाड्याला गाडी बदलून, सेमाडोह-हरिसालच्या घाटात वळणावळणाला लिंबू हुंगत त्या धारणीला उतरल्या आणि तिथून जीपने सालईढाण्याला पोहोचल्या. गावाला आजूबाजूच्या जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला होता. जंगल राखायचं कसं, वापरायचं कसं, हे ग्रामसभा ठरवायची. कुंदाताईंनी सभेपुढे हात जोडून सांगितलं, आता टेटूची मुळं खोदू नका, मी घेणार नाही, उलट उरलीसुरली झाडं शोधू या.

 मग देवमनची बायको सुगरती उभी राहिली. ती नवऱ्यासारखी गप्प बसणारी नव्हती.

"बारा साल तुमीच मांगत होत्या ना, ताई? आता झाड संपलं तं आमाले शिकवाले आल्या?"

कुंदाताईंचा चेहरा उतरला. सारवासारव करायला शब्द पुष्कळ होते. पण त्या म्हणाल्या, "हो. मीच मागत होते. मी झाड कधी पाहिलंच नव्हतं, सुगरती. मी फक्त साल पाहिली."

सुगरतीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग सकाळी चला. चप्पल बदला पण. या चपलीनं नाल्यातच पडसान."

पहिला दिवस नुसता खड्डे बघण्यात गेला. जिथे जिथे देवमनला टेटू आठवत होता तिथे तिथे पाल्याने अर्धवट बुजलेला एक खड्डा. काही खड्डे त्याच्याच कुदळीचे होते. तो प्रत्येक ठिकाणी थांबायचा, पायाने पाला सारायचा आणि पुढे जायचा. संध्याकाळी कुंदाताईंच्या पायात गोळे आले होते आणि मनात तर त्याहून मोठा गोळा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगरतीने नाल्याच्या वरच्या कड्याकडे हात केला. "त्या पाह्या, तलवारी लटकल्या!"

कड्याच्या अगदी काठाला, जिथे खोदायला उभंही राहता येणार नाही अशा जागी, एक उंच किडकिडं झाड होतं. पानं झडलेली, आणि हात-हातभर लांब, काळसर, वाकड्या शेंगा आभाळात टांगलेल्या. देवमन दोर बांधून कड्यावरून सरकत गेला आणि आकडीच्या बांबूने त्याने पाच शेंगा पाडल्या. कुंदाताईंनी एक उकलली. आत पातळ कागदाच्या पंखासारख्या बिया, एकावर एक रचलेल्या. वाऱ्याची झुळूक आली आणि पंधरा-वीस बिया भुर्रकन उडाल्या. कुंदाताईंनी "अगं बाई!" म्हणत शेंगेवर पदर टाकला आणि ते पाहून सुगरती पहिल्यांदा हसली.

आता सगळं सोपं होईल असं कुंदाताईंना वाटलं होतं. त्यांनी अकोल्यात घराच्या गच्चीवर पिशव्या भरल्या, बी पेरलं, रोज दोनदा पाणी घातलं. अकोल्याचा उन्हाळा तो! पारा पंचेचाळिशीपार गेला आणि जे चार-दोन कोंब वर आले होते तेही करपले. पुष्कर सुट्टी काढून आला तेव्हा त्याने सुकलेल्या पिशव्यांच्या रांगा पाहिल्या. त्याला वाटलं, आई आता हा नाद सोडेल.

त्याच सुमारास रामराव दुकानात आले. अकोटजवळचे संत्र्याचे बागायतदार, गुडघ्यांसाठी तेल न्यायला यायचे. कुंदाताईंनी न राहवून सगळी हकिकत सांगितली. रामराव म्हणाले, दाखवा. गच्चीवर त्यांनी एक पिशवी फाडून माती चिमटीत चुरडली.

"काळ्या मातीत काहून लावलं, ताई? थ्या मातीत पाणी साचते, अन् ऊन पडलं का भेगा पडतेत. बी जागच्या जागी मरते."

"मग कशात लावू?"

"नाल्यावरचं झाड ना थे? मंग नाल्याचीच माती आना. अर्धी रेती, थोडं शेणखत. बी खोल गाडू नका, वरच्या वर झाका. अन् गच्ची सोडा. माह्या संत्र्याच्या सावलीत ठेवा पिशव्या. मी लक्ष ठेवतो."

पुढच्या हिवाळ्यात देवमनने पुन्हा शेंगा पाडल्या. या वेळी तो स्वतःच नाल्याची माती पोत्यात भरून घेऊन आला. फेब्रुवारीत पेरणी झाली. एकोणिसाव्या दिवशी रामरावांचा फोन आला, "ताई, या लवकर. तुमचे पोरं दोन-दोन कान काढून राह्यले!"

पावणेतीनशेच्या वर रोपं झाली. त्यांतली शंभरेक रामरावांनी आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लावली. औषधाला लागणारं तिथून घ्यायचं, रानातल्या झाडाला हात लावायचा नाही, असं त्यांचं आणि कुंदाताईंचं ठरलं. उरलेली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सालईढाण्याला गेली. गावातल्या बायांनी एकशे ऐंशी रोपं जुन्या खड्ड्यांच्याच ओळीने लावली. खड्डे आयते होते, देवमन म्हणाला, आणि त्याने पहिलं रोप स्वतः लावलं.

रोपं जगली. पुढचा उन्हाळाही त्यांनी काढला, तेव्हा ती कमरेएवढी झाली होती. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मात्र भर दुपारी देवमनचा फोन आला. 

"ताई, जळलं."

मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवला होता आणि वाऱ्याने तो उचलला. गावाने दोन दिवस ओल्या फांद्यांनी आग झोडपली. घरं वाचली, कड्यावरचं झाडही वाचलं. पण लावलेलं सगळं गेलं.

कुंदाताई गेल्या. त्या उतारावर पाऊल टाकलं की राख उडत होती. रोपांच्या जागी काळ्या काड्या उभ्या होत्या, हात लावला की मोडणाऱ्या. त्यांनी सात-आठ काड्यांना हात लावला आणि मग लावलाच नाही. देवमन दूर पाठ करून बसला होता.

सुगरती मात्र एका काडीशी उकिडवी बसली. तिने नखांनी माती उकरली आणि बोटभर खालची मुळी खरवडून दाखवली. आतून ओली, पिवळी.

"पाह्या. मेलं नाही अजून."

कुंदाताईंनी पाहिलं, पण विश्वास ठेवायची हिंमत झाली नाही. एकदा गच्चीवर, एकदा इथे. तिसऱ्यांदा आशा लावून बसायला त्यांना नको वाटत होतं. त्या परत आल्या, दुकानात बसल्या, आणि कोणी टेटूचं नाव काढलं की विषय बदलायला लागल्या. दोन महिने असेच गेले.

जूनच्या अखेरीस एका गिऱ्हाइकाला ज्येष्ठमध बांधून देत असताना देवमनचा फोन आला. रेंज तुटत होती.

"ताई... फुटले!"

"काय फुटलं? बंधारा?"

"टेटू! टेटू फुटले, ताई!"

कुंदाताई स्टुलावर बसल्या. डोळे वाहायला लागले तसं समोरचं गिऱ्हाईक घाबरलं. "काय झालं ताई, कोणी गेलं का?"

"नाही हो," त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "कोणीच गेलं नाही."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पहिली गाडी पकडली. उतारावर आता राखेचा मागमूस नव्हता. जवळजवळ प्रत्येक काळ्या खुंटाच्या बुडाशी हिरवे कोंब होते. कुठे एक, कुठे तीन. काही तर खुंटापासून हातभर अंतरावर जमिनीतून वर आले होते, जिथे त्यांनी काही लावलंच नव्हतं. मुळं आतल्या आत पसरत गेली होती. त्यांनी आणि देवमनने फुटलेले खुंट मोजायला घेतले आणि एकशे एकसष्टवर ओळ संपली. नवे फुटवे वेगळे. देवमन इतका बोलत होता की सुगरतीने शेवटी त्याला गप्प केलं.

संध्याकाळी सभेत ठरलं. दर फेब्रुवारीत उताराभोवती दहा हात रुंदीचा पट्टा साफ करायचा, म्हणजे आग आली तरी आत शिरणार नाही. आणि मोहाखाली पेटवायचं नाही, झाडायचं. कुंदाताईंनी तिथे काही सुचवलं नाही. विचारलंही नाही. त्या भिंतीला टेकून ऐकत बसल्या आणि सुगरतीने वाढलेली भाकरी आणि अंबाडीची भाजी त्यांनी दोनदा मागून खाल्ली.

परतीच्या गाडीत हरिसाल सोडल्यावर त्यांनी खिडकीला डोकं टेकवलं. त्या घाटात आजवर त्यांना कधी झोप लागली नव्हती. पिशवीत आवळासुपारी आणि लिंबू ठेवूनच त्या बसायच्या. या वेळी सगळी वळणं झोपेतच गेली. शेवटी कंडक्टरलाच येऊन त्यांच्यापुढची सीट वाजवावी लागली.

"उठा माय, परतवाडा आलं. बाकीचे सगळे उतरले."