पहिल्या गिऱ्हाइकाचा सत्कार

गाणी विकत घ्यायची नसतात, असं मी वर्ध्याच्या आमच्या ऑफिसात छातीठोकपणे सांगत असे. महिन्याचे पैसे भरा, लाखो गाणी ऐका. कोणी ऑनलाइन दुकानातून एकेक गाणं घेऊन डाउनलोड करतो म्हणाला, की मी त्याची टर उडवायचो. लाखोंपैकी मी स्वतः फार तर पंधरा ऐकतो, हे सांगत नसे.

नाचणगावचा माझा शाळेतला दोस्त वांगी-टमाटे पिकवतो आणि खंजिरीवर भजनं म्हणतो. त्यानं स्वतःची पाच भजनं रेकॉर्ड करून दोन्हीकडे टाकली, महिनेवारीच्या ॲपवर आणि विकत मिळतात त्या दुकानातही. मी त्याच्यापुढेही माझं ज्ञान पाजळलं. तो म्हणाला, "बजारात लोकं दिवसभर वांगे दाबून पायतेत. पिशवीत टाकते तेच गिऱ्हाईक. तुह्या ॲपवर चुकून बोट लागलं तरी आकडा वाढते. इकत घेतलं म्हनजे मानसानं माह्यं भजन घरी नेलं."

चौथ्या दिवशी त्याचा फोन. "घेतलं काय बे?"

"घेतलं ना, पहिल्याच दिवशी."

इतक्या सफाईनं खोटं निघालं की माझा मलाच धक्का बसला. खरं म्हणजे दाढी करताना ॲपवर एक भजन लावलं होतं. अर्ध्यात कोणाचा तरी फोन आला आणि ते तसंच राहिलं. पैशाचाही प्रश्न नव्हता, दोन प्लेट समोशात पाचही भजनं आली असती. त्या दुकानात खातं उघडायचा, कार्डाचा नंबर टाकायचा कंटाळा. दोस्ती एवढ्या कंटाळ्याला हरली, हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

अर्ध्या तासानं त्याचा पुन्हा फोन, आवाजात नुसता आनंद. दुकानाच्या पानावर त्याला पाच भजनांच्या संचाची एक विक्री दिसत होती. "तूच ना!" तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मंग काय!"

पंधरा दिवसांनी त्यांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. "येजो, कामं सांगू नोको," असा दम मिळाला म्हणून गेलो. मध्येच त्यानं मला माईकजवळ बोलावलं. "हा माहा पह्यला गिऱ्हाईक. याले मोबाइलवर सारं आयकाले भेटते, तरी यानं माह्ये भजनं इकत घेतले." शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. माझे कान तापले होते, तरी मी निर्लज्जासारखे हात जोडले.

खाली उतरलो तर त्याची मोठी बहीण चहा घेऊन उभी. भावाची भाजी पुलगावच्या बाजारात तीच विकते. कप हातात देत ती हळूच म्हणाली, "ते भजनं म्या घेतले होते, भाऊ. पोरीच्या मोबाइलवरून."

मला तिच्याकडे बघवेना. "ताई, मी आत्ताच सांगतो त्याले."

"काई सांगू नोको. बहिनीनं घेतलं म्हनून समजलं, तं त्याले वाटन, कोनीच नाई घेतलं. तू परका हायेस. तुह्यं मोजल्या जाते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

परतीच्या बसमध्ये मी खातं उघडलं. दहा मिनिटांचं काम निघालं. पाचही भजनांचा संच घेतला आणि ती पहिल्यांदाच नीट ऐकली. तिसऱ्यात त्याचा आवाज असा काही वर चढतो की मी बाजूच्या प्रवाशाला ऐकवणार होतो. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"दुसरं गिऱ्हाईक आलं बे! आता हा कोन असन?"

तोच बोलत राहिला. "तू तं दोस्त हायेस, दोस्तासाठी घेतलंच असतं. पन यानं काऊन घेतलं असन, सांग? याले नुसतं भजन आवडलं असन ना?"

"हो," मी म्हणालो. निदान एवढं तरी खरं होतं.

"याले पुढच्या साली बलावू. तुले समजते त्यातलं, तू शोधजो त्याले."

"शोधतो," मी म्हणालो.