म्हशीची बंदिश

आज सकाळी, गवळी समोरच म्हशीची धार काढून देतात त्या दूध कट्ट्यावर, धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाजवळ नेला आणि त्या कोमट वासासरशी मी चाळीस वर्षं मागं गेले.

साठीपर्यंत दुसऱ्यांच्याच बंदिशी गायलेल्या माझ्या गुरुजींनी तेव्हा पहिल्यांदा स्वतःची बंदिश बांधायला घेतली होती. संध्याकाळी ती मैफलीत गायची होती आणि अंतरा काही केल्या बसत नव्हता. वैतागून ते मला घेऊन कट्ट्यावर आले.

गवळ्यानं म्हशीखाली स्टीलचा ग्लास धरला. चुर्र, चुर्र. रिकाम्या ग्लासात धार आधी खणखणली, मग फेस चढेल तशी जड, मऊ होत गेली. गुरुजींचा हात मांडीवर पडू लागला. तेवढ्यात ग्लास भरला.

"आणखी एक! आणि सावकाश काढ!"

"पावणं, म्हस हाय ही, पेटी न्हाय!" गवळी म्हणाला.

दोघांत सात ग्लास प्यायलो. सातव्याला अंतरा बसला. ओठांवर फेसाची मिशी तशीच ठेवून गुरुजी भर रस्त्यात गायले आणि गवळ्याला मैफलीचं आवतण देऊन आले.

संध्याकाळी बंदिश संपताच तो मागच्या रांगेत उभा राहिला. "ही आमच्या म्हशीची की!"

सगळे हसले. मी लाजून तानपुऱ्यामागं तोंड लपवलं. गुरुजींनी मात्र उठून त्याला हात जोडले.

आता ती बंदिश मी शिकवते. "रचना कुणाची?" मुली विचारतात.

"गुरुजींची आणि म्हशीची," मी ठणकावून सांगते. "म्हशीची जरा जास्त."