आबांच्या ट्रकाची चढाची चाल

आमचे आबा गेले त्या दिवशी त्यांच्याकडे पाठ करून मी ट्रक दुरुस्त केला. (म्हणजे, झाला नाही.)

आबांनी, माझ्या वडिलांनी, जन्मभर एक जुना विलायती ट्रक पाळला. पाळलाच म्हणायचं, आम्हा पोरांपेक्षा जास्त लाड त्याचे! त्याच्या मागच्या आक्सलला दोन चाली. गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबलं की चढाची हळू चाल, वर ओढलं की सपाटीची पळती. "ह्यो कधी कुणाच्या टोचनाला लागला न्हाय," म्हणजे बंद पडून दुसऱ्या गाडीला दोरानं ओढावा लागला नाही, हे पावण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगायचे. अंथरुणाला खिळल्यावर माझा हात धरून म्हणाले, "मला ह्याच्यातनंच न्हे. पर टोचन लावून न्हेऊ नगंस, बाळा." मी शब्द दिला, पण मला रडू आवरेना. त्या भरात मी ट्रक धुतला, आक्सलवरची चाल बदलायची मोटर खोलली आणि सगळ्याला आतून-बाहेरून झकास ऑइलपेंट मारून परत बसवली.

आबा गेले. तिरडी ट्रकात ठेवली. दाजी, माझ्या बहिणीचे मालक, स्टेअरिंगवर. थोरला म्हणून विस्तवाचं मडकं घेऊन मी पुढं. भावकीतल्या म्हाताऱ्या अण्णांनी दम भरला, "मडकं घेतल्यावर मागं बघायचं न्हाय. काय बी होऊ दे!"

काय बी झालं. वेशीजवळच्या चढाला दाजींनी बटण दाबलं आणि आक्सल दोन चालींच्या मधेच लटकला. इंजिन बोंबलतंय, चाकं गप्प!

"दाजी, काय झालं?" मी समोरच्या बाभळीला विचारलं.

"रेस देतोय, पर जायनाच की!"

"बटण वर ओढा! आक्सलेटर सोडा! परत दाबा!"

"आरं, मागं सरकाय लागलाय!"

"चाकाला दगड लावा!" रडणारी माणसं डोळे पुसत दगडाला पळाली.

"मोटरचा आवाज येतोय का?"

"बायकांच्या रडण्यात काय ऐकू येतंय?"

"बायांनो, गप ऱ्हावा की जरा!" अण्णा गरजले. "मोटर ऐकू द्या!"

सगळ्या गप्प झाल्या. त्या शांततेत मोटर नुसती कण्हत होती. तिचा करंट परत जातो तो आक्सलच्या लोखंडातून, आणि त्या लोखंडाला करंट अडवणारा रंग फासला होता मीच!

"मोटरच्या बुडाचा रंग खरवडा!"

"बूड कंचं? तूच ये की!"

मागं बघायचं नव्हतं, पण मागं जायला कुणी बंदी केली नव्हती. मी तसाच उलटा चालत निघालो. बंपर पाठीला लागला, मडकं हिंदकळलं आणि निखारा थेट पायावर! मी असा बोंबललो की बायकांना वाटलं, माझा बांध आत्ता फुटला. त्यांनी परत गळा काढला.

शेजारचा ऊसवाला ट्रॅक्टर घेऊन आला. "टोचन लावू?"

"नको!" मला हुंदकाच फुटला. "आबांना शब्द दिलाय!"

तेवढ्यात पाठीमागून आईचा आवाज आला. "टोचन लागलं न्हाय, त्ये खरं हाय. ह्या चढाला दर खेपंला म्या धक्का मारलाय. कुणाला सांगू दिलं न्हाय त्यांनी." मग ओरडली, "बघत काय बसलाय? लावा हात!"

ती रडत ढकलत होती, भावकी ढकलत होती. आबा शब्दाप्रमाणे टोचनाविना पोचले. मी तेवढा पुढं चालत होतो, भाजलेल्या पायानं, मागं न बघता. बघायचं तोंडही नव्हतं.

परवा सासरे आजारी पडले म्हणून भेटायला गेलो. म्हाताऱ्यानं माझा हात घट्ट धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "पावणं, माझ्या वक्ताला नुसता खांदा द्या. डोकं चालवू नगा!"