हापसा उघडणाऱ्या बाया

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. आमच्या पाणीपुरवठ्याच्या हापिसाला अडत बाजारातल्या एका दुकानाची माडी भाड्यानं मिळाली होती. मी बिलोलीची, मजुरी करणाऱ्या आईबापाची पोर, डिप्लोमा करून तिथं ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलेली. लागले तेव्हापासून दुष्काळच. विहिरी आटल्यावर गावोगाव बोअर पाडून हापसे बसवले होते; पण दिवसभर हापसून त्यांचे वायसर झिजायचे, रॉड तुटायचे, आणि दुरुस्तीची गाडी साऱ्या तालुक्याला एकच. ती येईपर्यंत बाया कोसभरावरून पाणी आणायच्या.

मी साहेबांना म्हटलं, "सर, बायांनाच शिकवू या की."

साहेब हसले. "पाईप उचलणं म्हणजे घागर उचलणं न्हाई, बाई."

त्याच उन्हाळ्यात शेजारी देशांनी मिळून काढलेल्या एका प्रशिक्षणाचे पाहुणे आमच्याकडे आले, सगळे समुद्रकाठचे. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, असं ठरलेलं. त्यांतली बांगलादेशची एक बाई माझ्याच वयाची होती. साहेबांनी तिला माझ्यावर सोपवलं. हिच्याशी बोलावं कसं, या विचारात मी असतानाच ती म्हणाली, "आमादेर मिठा पानी नाइ, दीदी." बिलोलीच्या बाजारात दखनी ऐकत वाढलेल्या मला ते लगेच कळलं. तिच्या गावाला चारी बाजूंनी पाणी होतं, पण खारं.

मी तिला घेऊन औशाकडच्या एका गावात गेले. तिथला हापसा पंधरवड्यापासून बंद होता. भोवती जमलेल्या बायांना मी विचारलं, "उघडायचा का आपणच?"

एक म्हातारी म्हणाली, "उघडू की. हितं बसून तरी काय करायलोत?"

सरपंच धावत आले. "अहो मॅडम, हे गड्याचं काम हाय. पाईप बोअरमधी पडला तर समदाच बोअर गेला!"

"पडू देत न्हाई," मी म्हटलं. आणि पाना हातात घेतला.

आम्ही नट सोडवून हापशाचं वरचं डोकं काढलं, रॉड काढले, मग पाईप. दोर धरायला गावठाणातल्या बाया होत्या, बौद्धवाड्यातल्याही होत्या. माझ्या आईनं बिलोलीत विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी घेतलेलं. इथं एकाच दोराला सगळ्यांचे हात लागले होते आणि घामाच्या धारांत कुणाचं कोण ते बघायला कुणाला सवड नव्हती.

तिसरा पाईप वर येताना दोर सैल झाला. ओला पाईप सरकन खाली निघाला. कुणीतरी किंचाळलं. त्या क्षणी पाहुणीनं अंगाचा सगळा भार पाईप आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या दांड्यावर टाकला आणि दांडा दाबून धरला. पाईप अडला. तिच्या तळव्याची साल निघाली होती, पण ती ओरडत होती, "टानो! टानो!" अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. बायांनी ओढलं.

दुपार कलली तेव्हा नवे वायसर घालून हापसा जोडला. म्हातारीनंच आधी दांडा धरला. बराच वेळ कोरडाच खडखडाट. मग आत गुडगुडलं, गढूळ पाणी आलं आणि पाठोपाठ स्वच्छ धार. सरपंचांनी टोपी काढली, धारेखाली डोकं धरलं आणि म्हणाले, "मॅडम, शेजारच्या गावातबी न्या ह्या बायांना." पावसाळ्याआधी औसा तालुक्यात बायांच्या आठ टोळ्या उभ्या राहिल्या. आता साहेबच पाहुण्यांना मोठ्या थाटात सांगायचे, "आमच्या बाया!"

जाण्याआधी पाहुणीनं तिच्याकडची विद्या दिली. शाळेच्या पत्र्यावरून पडणारं पाणी धरायला तिनं आमच्या गवंड्याकडून सिमेंटचा झाकणाचा रांजण बांधून घेतला. तिच्याकडे असल्या रांजणावर अख्खा उन्हाळा काढतात.

पुढच्या वर्षी तिच्याकडे जाऊन शिकवायला माझा नंबर लागला. मी पहिल्यांदा विमानात बसले आणि पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिच्या गावात उथळ हापशांच्या पाण्याला मिठाची चव होती. गोडं पाणी फार खोल होतं. तिथवर गेलेला हापसा एकच, आणि तो केव्हापासून मोडून पडलेला. दुरुस्तीवाला नावेनं यायचा, म्हणजे बहुधा यायचाच नाही.

आम्ही तिथल्या बायांची टोळी केली. चिखलात पाय रुतत होते, पण या वेळी दोर कुणाच्या हातून सुटला नाही. हापसा चालू झाल्यावर पहिला पेला गावातल्या सगळ्यात वयस्क बाईला दिला. तिनं घोट तोंडात धरला. तिनं तो गिळला, पेला संपवला, आणि जीभ हलवत असा लांब, थरथरता उलू, म्हणजे तिकडच्या बायांची आनंदाची आरोळी, काढला की नदीपलीकडची माणसं बाहेर आली. मग सगळ्याच बायांनी सूर धरला. मीही धरून पाहिला. माझा खोकल्यासारखा निघाला, तशी ती म्हातारी माझ्या गळ्यात पडून खदखदून हसली.

दोन पावसाळ्यांनी माझ्या त्या बांगलादेशच्या पाहुणीचं पत्र आलं : त्यांची टोळी श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या बायांना शिकवायला निघाली होती. मी ते पत्र घेऊन तडक औशाकडच्या त्या गावात गेले आणि हापशावर उभ्या असलेल्या बायांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं.