सोळा हातांवरचा काटा

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी तंबाखू मळत उठून जाणारा माणूस. आयुष्य गाड्यांखाली गेलं. नट ढिला असला की गाडी वाजते, नसला की वाजत नाही... एवढंच मला कळतं. तुमच्या या सदरातले अनुभव सून वाचून दाखवते, तेव्हा मी हसायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय. शाळा सातवीपर्यंत, ती पण धड नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

फैजपूरपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. सगळी केळीची काळी जमीन, पाऊस झाला की ट्रक पोटापर्यंत रुततो. माझ्याकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे, पुढे विंच बसवलेला. विंच म्हणजे ड्रमवर गुंडाळलेली लोखंडी तार... एक टोक रुतलेल्या गाडीला लावायचं, बटण दाबायचं, ड्रम फिरतो आणि गाडी वर येते. पंचवीस वर्षं हेच काम केलं. आणि जोडीला कायम माझी बायको — लीला.

हसू नका. बाई असून ती या कामात माझ्यापेक्षा हुशार होती. तारेच्या मध्यावर ओलं पोतं टाकायचं काम तिचं. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी उडते, माणूस कापून काढते. वर जड ओलं पोतं असलं की तिथल्या तिथे खाली पडते. एक नियम होता — तार ताणलेली असताना कोणी जवळ जायचं नाही. पोतं सरकलं तर आधी तार ढिली करायची, मग हात लावायचा.

आमचा मुलगा प्रमोद जळगावला पाइपच्या कारखान्यात होता. त्यानं एक सिंथेटिक दोर आणून दिला. म्हणे आता सगळे हाच लावतात, तारेपेक्षा मजबूत, वजनाला काही नाही, तुटला तरी उडत नाही. मी म्हणालो, "दोरानं म्हशी बांधतात. ट्रक ओढायला लोखंडच लागतं." दोर पिशवीतच राहिला, माळ्यावर. वर्षभर.

लीलाचं माहेर धुळ्याकडचं, तिची बोली शेवटपर्यंत अहिराणीच राहिली. तारेचे बारीक धागे तुटून काट्यासारखे वर यायचे, ते तिच्या हातात जायचे. एक जागा जास्तच खराब झाली होती, हुकापासून सोळा हातांवर. ती म्हणायची, "ओ प्रमोदना बाप, हाई तार आते कामनी नही शे. बदली टाका."

मी बदलली नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाल्यात केळीचा ट्रक तिरपा झाला होता. भर दुपार. ट्रक अर्धा वर आला आणि पोतं सरकलं. ढील दिली असती तर ट्रक परत खाली गेला असता, पुन्हा पहिल्यापासून. मी ओरडलो, "जा, पटकन नीट कर!" ती गेली. बटणावर बोट माझं होतं. तार त्याच सोळा हातांवर तुटली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

सगळ्यांना मी सांगितलं, ती आपणहून पुढे गेली, मला दिसलीच नाही. ट्रकचा ड्रायव्हर केबिनमध्ये होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. प्रमोदलाही हेच सांगितलं. तो माझ्या गळ्यात पडून रडला — "आबा, तुमची काय चूक?" म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

तेरावं झालं आणि मी माळ्यावरची पिशवी काढली. तार भंगारात दिली, दोर ड्रमवर चढवला. प्रमोद नोकरी सोडून गावीच आला, माझ्याबरोबर काम करायला लागला.

पहिल्याच कामाला दोर हातानं बाहेर ओढत होतो. मऊ, निळा, सुताच्या कासऱ्यासारखा. आणि अचानक तळहातात कचकन काटा गेला. रक्त आलं. दोर बघितला... काही नाही. बाभळीचा असेल म्हटलं. पुढच्या वेळी परत. तिसऱ्या वेळी मी हात मोजत ओढला. सोळा.

चामडी मोजे घातले. मोज्यातून टोचलं, मोज्याला भोक नाही.

गावात आमचा एक वेल्डर आहे, नाना म्हणतात त्याला. त्याला फक्त टोचतं एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "येडा झाला का आबा? दोर नवा लावला, पण पुढचे रोलर तर जुनेच ना? इतकी वर्षं तार घासून त्यांना चरे पडलेत. त्यांचाच लोखंडी कीस दोरात अडकत असेल." पटलं मला. रोलर काढून, दोर बाहेर येतो तिथं गुळगुळीत नवीन तोंड बसवलं. नानानं मोठ्या स्पीकरचा लोहचुंबक आणून सगळ्या दोरावरून दोनदा फिरवला. एक कणही चिकटला नाही. "आता टोचलं तर मला गाढव म्हण," म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी टोचलं. नानाला गाढव म्हणालो नाही.

माझे हात बघून प्रमोदला वाटायचं, म्हातारा आईच्या आठवणीनं खुळावलाय. त्याला कधी टोचलं नव्हतं, कारण दोर मी त्याला ओढूच देत नव्हतो. भीती वाटायची. कसली ते सांगता यायचं नाही, पण वाटायची.

मागच्या पावसाळ्यात, भादव्यात, एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बांधाजवळ रुतला. दुपारचे दोन-अडीच. मी जीप लावत होतो तेवढ्यात प्रमोदनं उघड्या हातानं दोर ओढायला घेतला. शेतकऱ्याला म्हणाला, "भाऊ, आमच्या आबांच्या दोराला काटे येतात. बघू आज आपल्याला फळ लागतं का!" तो शेतकरी पण हसला, "केळी लागली तर अर्धी माझी!"

मी उतरून धावलो. "सोड प्रमोद! सोड!"

"आई गं..." तो खाली बसला.

तळहातात काटा दिसत होता. माझ्या वेळी कधीच काही दिसलं नव्हतं. पकडीनं ओढून काढला. पेरभर लांब, गंजलेला, पिळलेल्या तारेचा तुकडा. त्यानं तो शर्टाला पुसला आणि उन्हात धरला. तार त्याच्या ओळखीची होती, लहानपणापासून बघितलेली.

"आबा, ही आपल्या जुन्या तारेची आहे."

मी पकड खिशात घातली.

"ती तर भंगारात गेली ना?"

"हो."

तो तुकड्याकडेच बघत होता. मग सावकाश विचारलं, "आई आपणहून गेली होती ना?"

तोपर्यंत हे मला कोणी विचारलं नव्हतं. खोटं तयार होतं जिभेवर, रोजचंच. पण त्याच्या मनगटावरून रक्त खाली येत होतं, आणि ते खोटं बाहेर पडेना.

"मी पाठवलं," म्हणालो. "तार ताणलेली होती. ढील दिली नाही. मी पाठवलं."

शेतकरी बांधाकडे तोंड करून उभा राहिला. प्रमोदनं हाताला फडकं गुंडाळलं. "हूक लावा," एवढंच म्हणाला. ट्रॅक्टर काढला.

तो तुकडा नानानं बघितला, जळगावच्या एका शिकलेल्या इंजिनियरनंही बघितला. विंचची साधी स्टीलची तार म्हणतात. नव्या दोरात कुठून आली, ते कोणाला सांगता येत नाही. मलाही येत नाही. लोक म्हणतात दोर बदला, विंच विकून टाका. मी प्रमोदला विचारलं. तो नको म्हणाला.

आता दोर मी एकट्यानंच ओढायचा, असं त्यानं ठरवलंय. तो जीपमध्ये बसतो, रिमोट हातात घेऊन, आणि मोठ्यानं मोजतो. एक... दोन... तीन... सोळा म्हटलं की थांबतो. मी रक्त आलेला तळहात वर करून त्याला दाखवतो. तो बघतो, मान हलवतो, आणि पुढे मोजायला लागतो.