कॉम्प्युटरचा वाटा

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. आमच्या जैनथकडच्या दंडार पार्टीतले, म्हणजे गावोगाव नाच-गाण्याचा खेळ करणाऱ्या मंडळीतले वाटेबुवा! गाणी त्यांची, आवाज त्यांचा, पण नाव पडलं ते वाटे करण्यावरून.

खेळ संपला की दुपट्टा पसरायचे आणि मिळालेल्या पैशाचे सारखे पाच वाटे करायचे. बुवा धरून चार गाणाऱ्यांचे चार, पाचवा ढोलकीचा. तो ढोलकी वाजवणाऱ्या नामदेवकाकांना मिळायचा, त्यांचं घर त्यावरच चालायचं. पण बुवा चिडवायचे, "वाटा ढोलकीचा हाय रे. कातडं तिचं झिजते, तू फकस्त हात लावतं."

तेलुगू मुलुखातल्या आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले त्या वर्षी मंचेरियलच्या एका गाण्याच्या कंपनीनं पार्टीला रेकॉर्डिंगला बोलावलं. कागद तेलुगूत, म्हणून तेलुगू मिडियममध्ये शिकणाऱ्या मला सोबत नेलं. मी वाचून दाखवलं : गाण्याच्या कमाईत रुपयातले बारा आणे कंपनीचे, चार आणे पार्टीचे. मला वाटलं, बुवा आता उठतात. तर म्हणाले, मशिनी त्यांच्या, खर्च त्यांचा, घेऊ दे. आपल्या चार आण्यांचे पाच वाटे लिहून घे फक्त.

मॅनेजर हसला. ढोलकी कशाला, कॉम्प्युटर वाजवतो ना, म्हणाला. नामदेवकाका ढोलकी मांडीवर घेऊन तिथंच बसलेले. बुवांनी जरा विचार केला आणि न्याय दिला, "मंग पाचवा वाटा कॉम्प्युटरचा. जो वाजवते त्याचा."

मॅनेजरनं आयुष्यात इतक्या आनंदानं काही लिहिलं नसेल.

मी त्यांना बाहेर ओढून भांडले, काऊन असं केलं म्हणून. "नियम का आपल्याच आदमीपुरता असते, पोरी?" म्हणाले. मग हळूच, "माह्या नावाच्या जागी नामदेवचं लिहून ये. मी तं फुकटही गातोच."

गाणं लई चाललं. लग्नात तेच, ऑटोत तेच. कॉम्प्युटरचा वाटा कंपनी न चुकता कापून घेई, बुवांना शून्य. एकदा ऑटोवाल्यानं त्यांचंच गाणं लावून त्यांच्याकडून पूर्ण भाडं घेतलं. बुवा उतरताना म्हणाले, "बरा गाते थो."

गेल्या साली बुवा गेले. महिनाभर सगळ्यांच्या फोनवर तेच गाणं. कंपनीची कमाई एवढी कधीच झाली नव्हती. नामदेवकाका आपला वाटा घेऊन बुवांच्या घरी गेले आणि पैसे बुवांच्या बायकोपुढं, काकूंपुढं ठेवले. काकूंनी हातही लावला नाही.

"घेऊन जा, भाऊजी. त्याईनं केलेला वाटा म्या मोडला, तं सपनात येऊन भांडतीन."

काका पैसे उचलून, मान खाली घालून निघून गेले.

तुमच्याकडं होता का हो असा कोणी, सगळ्यांचे वाटे करून स्वतःचाच सोडणारा? सांगा ना.